बागेतले घर आणि घराविना गाव

इंग्लंडमधील खेड्याचे चित्र डोळ्यांसमोर आणले, की चर्चचा मनोरा, मधोमध हिरवळ आणि उंच भिंतीआड दडलेले एखादे प्रशस्त जुने घर हमखास दिसते. पाच-सहा शयनगृहे, उंच खिडक्या, मागे फळबाग आणि त्यापलीकडे घोड्यांसाठी कुरण. असे घर विक्रीस निघाले, की जाहिरातीत 'कुटुंबासाठी आदर्श' हे शब्द ठरलेलेच. मात्र, ही घरे आता राजकीय वादाच्या केंद्रस्थानी आली आहेत. ब्रिटनच्या अर्थमंत्री रॅचेल रीव्हज यांनी नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पात २० लाख पौंडांहून अधिक किमतीच्या घरांवर वार्षिक अधिभार जाहीर केला. एप्रिल २०२८ पासून इंग्लंडमध्ये लागू होणाऱ्या या अधिभाराची रक्कम घराच्या किमतीनुसार अडीच हजार ते साडेसात हजार पौंड इतकी राहणार आहे. 'मॅन्शन टॅक्स' या नावाने त्यावर टीकाही झाली आणि त्याचे स्वागतही झाले.

या अधिभाराची गरज का भासली, हे समजण्यासाठी कौन्सिल टॅक्सची रचना पाहावी लागेल. १९९३ साली सुरू झालेला हा स्थानिक कर घराच्या एप्रिल १९९१ मधील किमतीवर आधारलेला आहे आणि इंग्लंडमध्ये त्यानंतर एकदाही फेरमूल्यांकन झालेले नाही. त्या वेळी ३ लाख २० हजार पौंडांहून महाग असलेली सर्व घरे 'एच' या सर्वोच्च गटात मोडतात. या गटाचा कर मधल्या 'डी' गटाच्या केवळ दुप्पट असतो. परिणामी, किंमत अनेक पटींनी जास्त असली, तरी कर दुपटीवर थांबतो. नव्या अधिभारामुळे ही विसंगती काही अंशी दूर होईल, हे खरे. परंतु हा पैसा जाणार आहे तो केंद्र सरकारच्या तिजोरीत. ज्या गावात ते घर उभे आहे, त्या गावाच्या पदरात त्यातून थेट काहीच पडणार नाही.

मुळात ही घरे आली कोठून? यांपैकी कित्येक घरांच्या फाटकावर आजही 'ओल्ड रेक्टरी' अशी पाटी दिसते. रेक्टरी म्हणजे गावच्या धर्मगुरूचे निवासस्थान. कादंबरीकार जेन ऑस्टिन यांचा जन्म १७७५ साली हॅम्पशायरमधील स्टीव्हन्टनच्या अशाच घरात झाला. आठ भावंडे आणि वडिलांकडे शिकायला राहणारे विद्यार्थी, असा तेथील राबता होता. विसाव्या शतकात मात्र धर्मगुरूंच्या वेतनात या वास्तूंची देखभाल परवडेनाशी झाली. चर्च ऑफ इंग्लंडने त्या विकल्या आणि धर्मगुरूंसाठी लहान, आधुनिक घरे बांधली. गावातील एक सार्वजनिक स्वरूपाची वास्तू अशा रीतीने खासगी ऐश्वर्याचे प्रतीक बनली.

तिची आजची किंमत केवळ दगड-विटांची नाही. १९४७ च्या नगररचना कायद्यापासून इंग्लंडमध्ये जमिनीचा मालक असणे आणि तिच्यावर बांधकाम करण्याचा अधिकार असणे, या दोन वेगळ्या गोष्टी ठरल्या. प्रत्येक बांधकामासाठी परवानगी आवश्यक झाली. घर वारसा यादीत असेल, तर संमतीविना त्याचे स्वरूप बदलणे हा गुन्हा ठरतो. आवारातील जुलै १९४८ पूर्वीच्या भिंती व जोडइमारतींनाही सामान्यतः हेच संरक्षण मिळते. खिडकीतून दिसणारे मोकळे शेत मोकळे राहते, तेही बऱ्याच अंशी याच नियमांच्या बळावर. म्हणजेच, जाहिरातीत ज्या शांततेचे मोल सांगितले जाते, ती शांतता मालकाने एकट्याने निर्माण केलेली नसते. तिचे रक्षण कायदा करत असतो.

या रक्षणाची किंमत दुसरे कोणी तरी चुकवत असते. १९८० च्या कायद्याने भाडेकरूंना कौन्सिलची घरे विकत घेण्याचा हक्क मिळाला. खेड्यांतील अशी घरे विकली गेली आणि त्या प्रमाणात नवी बांधली गेली नाहीत. तेथील शिक्षिका, परिचारिका वा शेतमजूर यांच्या मुलांना त्याच गावात घर घेणे अशक्यप्राय झाले. तरुण कुटुंबे गेली, की शाळेचा पट घटतो. मग दुकान, पब आणि बससेवा यांचाही आधार सुटू लागतो.

मग या विस्तीर्ण बागांतच काही घरे का बांधू नयेत, असा प्रश्न साहजिक आहे. येथे कायद्याने एक गमतीशीर वळण घेतले आहे. बागा गिळून इमारती उठत असल्याची ओरड झाल्यावर २०१० मध्ये सरकारने निवासी बागांना 'पूर्वी विकसित झालेली जमीन' या व्याख्येतून वगळले. परंतु व्याख्येतील शब्द 'बांधकामाने व्यापलेल्या भागातील' बागांपुरते होते. त्यामुळे अशा भागाबाहेरच्या बागेला ही सूट लागू होत नाही, असा अर्थ डार्टफर्ड कौन्सिलच्या खटल्यात अपील न्यायालयाने २०१७ मध्ये मान्य केला. एवढ्याने परवानगी मिळतेच असे नाही. तरीही शहरातील लहानशा परसाला असलेले कवच गावाबाहेरच्या एकरभर बागेला नाही, ही स्थिती विचार करायला लावणारी आहे.

घर सोडू पाहणाऱ्या वृद्ध दांपत्याची अडचणही दुर्लक्षून चालणार नाही. सध्याच्या दरांनुसार २० लाख पौंडांच्या घरावर मुद्रांक शुल्क होते १ लाख ५३ हजार ७५० पौंड. ते खरेदीदार भरतो, पण त्यामुळे व्यवहार अडतात. शिवाय विक्रेत्याला नव्या, लहान घरासाठीही शुल्क द्यावे लागते. म्हणून मुले दूर गेल्यावरही दोघेच सहा शयनगृहांच्या घरात राहतात आणि 'कुटुंबासाठी आदर्श' घर कुटुंबाविना उरते.

मजूर सरकारने या संसदेच्या कार्यकाळात इंग्लंडमध्ये १५ लाख घरांचे उद्दिष्ट ठेवले आहे. केवळ अधिभार लावून ते साधणार नाही. त्यासाठी गावाच्या कडेला स्थानिकांसाठी परवडणारी पाच-दहा घरे बांधण्याच्या योजनांना जागा द्यावी लागेल, आणि खिडकीतून दिसणाऱ्या दृश्यात थोडा बदलही सोसावा लागेल. अधिभाराची रक्कम भरणे त्यामानाने सोपे आहे. गावात नवे शेजारी येऊ देण्याची तयारी आहे काय, हा खरा प्रश्न आहे. जुने घर आणि त्याची बाग जपलीच पाहिजे, परंतु भोवतालचे गाव रिकामे झाले तर ती कोणासाठी जपली, याचे उत्तर द्यावेच लागेल.