शितावरून भात

शितावरून भाताची परीक्षा या लोकोक्तीलाच शास्त्रकार स्थालीपुलाकन्याय म्हणतात. एक शीत शिजलेलें आढळलें, कीं सारा भात शिजला असें आपण अनुमान करतों. जाहिरात म्हणजे विक्रेत्यानें आपण होऊन पुढें केलेलें शीत होय. मात्र तें त्याच भांड्यांतील असलें पाहिजे. एरव्हीं अनुमानाचा पायाच ढांसळतो.

मोबाइलवरील खेळांच्या जाहिरातींत असें पुष्कळदां घडतें. ‘होमस्केप्स’ व ‘गार्डनस्केप्स’ या खेळांचेंच उदाहरण घ्या. जाहिरातींत योग्य क्रमानें खुंट्या ओढून संकटांतील माणसास सोडविण्याचें कोडें होतें. मुख्य खेळ मात्र एकसारखे तीन तुकडे जुळविण्याचा. ब्रिटनमधील ‘अॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स ऑथॉरिटी’ या मंडळाकडे सात जणांनीं तक्रार केली. कंपनीचें म्हणणें असें कीं, तसलीं कोडीं खेळांत आहेत, आणि सर्व चित्रें प्रत्यक्ष खेळांतील नाहींत अशी सूचनाही दिली आहे. परंतु तीं कोडीं पुष्कळ पायऱ्या ओलांडल्यावरच भेटत. मंडळानें २०२० सालीं त्या जाहिरातींस मनाई केली.

याउलट ‘नो मॅन्स स्काय’ या खेळाविषयींच्या तक्रारी त्याच मंडळानें २०१६ सालीं फेटाळल्या. त्यांतील ग्रह गणिती सूत्रांनीं निर्माण होतात, त्यामुळें प्रत्येक खेळाडूचा अनुभव निराळा. तथापि दाखविल्यासारखीं दृश्यें खेळांत भेटूं शकतात, हें मंडळास पटलें. तात्पर्य, अपेक्षाभंग निराळा व वंचना निराळी. खेळ आवडला नाहीं, हा विक्रेत्याचा अपराध नव्हे. भलत्याच खेळाचें चित्र दाखवून गिऱ्हाईक ओढणें हा मात्र खचित अपराध होय.

खेळ फुकट, मग गेलें काय, असें कोणी म्हणेल. हा युक्तिवाद आम्हांस मान्य नाहीं. अशा खेळांत पुढें पैसे देऊन वस्तू घेण्याची सोय असतेच. आणि गेलेला वेळ तर कोणीच परत करीत नाहीं. आपल्याकडेही केंद्र सरकारच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, पुस्ती जोडून मूळ दाव्याशीं विसंगत असें कांहीं सांगतां येत नाहीं.

कायदा असला तरी तो घराघरांत येऊन बसत नाहीं. म्हणून वडील मंडळींस आमची विनंती आहे कीं, मुलाच्या हातचा मोबाइल हिसकावून घेण्यापूर्वीं जाहिरात व खेळ एकदां त्याच्यासह शेजारीं शेजारीं ठेवून पाहावे. दाखविलें काय आणि दिलें काय, हा प्रश्न विचारण्याची संवय लहानपणीं लागली, तर मोठेपणीं बाजारांत त्यास फसविणें सोपें जाणार नाहीं.