हातात मावणारा खेळ

दरवर्षी स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादकमित्र एकच अट घालतात : विषय आपल्या व्यवसायाचा असावा, पण लेख व्याख्यान होऊ नये. यंदाचा माझा विषय पाहून त्यांना ही अट जरा अधिकच पाळली गेली असे वाटेल. टीव्हीला जोडायच्या स्ट्रीमिंगच्या उपकरणावर खेळ खेळण्यासाठी जो बिनतारी कंट्रोलर मिळतो, तो मुलाला घ्यावा की नाही, याविषयी मला चार शब्द लिहायचे आहेत. हा प्रश्न माझ्या दवाखान्यात आला, म्हणून तो वैद्यकीय.

नऊ वर्षांचा एक मुलगा माझ्याकडे तान्हेपणापासून येतो. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) त्याच्या शरीराची डावी बाजू दुबळी आहे; सेरेब्रल पाल्सी. डावा अंगठा तळव्यात मिटलेला असतो. बुद्धी तल्लख, हट्ट त्याहून अधिक. फिजिओथेरपिस्टने दिलेले मणी ओवणे, डबीचे झाकण उघडणे हे सारे व्यायाम तो उजव्या हाताने उरकतो आणि डावा हात खिशात ठेवतो. त्याच्या वडिलांनी विचारले, "डॉक्टरसाहेब, टीव्हीवरच्या गेमचा कंट्रोलर मागतोय. घेऊ का?" माझे उत्तर तयारच होते. पाच ते दहा वर्षांच्या मुलांसाठी पडद्याचा वेळ रोज दोन तासांच्या आत असावा, ही इंडियन अकॅडमी ऑफ पेडिआट्रिक्सची शिफारस मी ऐकवली आणि नको म्हणालो.

तेव्हा आई हळूच म्हणाली, "पण आतेभावाकडे याने तो दोन्ही हातांनी धरला होता. अर्धा तास."

मी गप्प झालो. औषध न पाहताच त्याच्या विरोधात मत देणाऱ्या वैद्याला आपण काय म्हणतो, ते वाचकांना सांगायला नको. दिवाळीत भाचा असे उपकरण व दोन कंट्रोलर घेऊन आमच्याकडे राहायला आला, तेव्हा मी ते रीतसर तपासायला घेतले.

पहिली तपासणी हाताची. ही वस्तू मोठ्या माणसाच्या पंजासाठी घडवलेली असते. दोन्ही तळव्यांत ती धरायची, अंगठ्यांनी दोन दांड्या फिरवायच्या आणि तर्जनींनी वरची बटणे दाबायची. सहा-सात वर्षांच्या मुलाचा अंगठा दांडीपर्यंत पोहोचतो, पण मनगट वाकडे करून. अतिखेळाने दुखावलेल्या अंगठ्याला ‘निंटेंडिनायटिस’ असे नाव देणारे टिपण १९९० मध्येच न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आले होते. तेव्हा दुकानात खोक्यावरचे चित्र पाहू नये. मुलाला बरोबर न्यावे आणि त्याच्या हातात वस्तू देऊन पाहावी. चपला घेताना आपण पायाचे माप देतोच ना!

दुसरी तपासणी प्रतिसादाची. बटण दाबले आणि पडद्यावरचा गडी उशिराने उडाला, तर मूल चिडते आणि दोष स्वतःला देते. या उशिराला अनेकदा कंट्रोलर जबाबदार नसतो. टीव्ही चित्र सजवण्यात वेळ घालवतो. त्याच्या सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ असल्यास तो लावावा. ब्लूटूथ आणि घरातले वाय-फाय बरेचदा एकाच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतात, आणि टीव्हीच्या पाठीमागे दडलेल्या स्टिकपर्यंत संदेश अडखळत पोहोचतो. छोटी जोडवायर लावून स्टिक बाहेर काढली की पुष्कळ फरक पडतो.

तिसरी तपासणी आयुष्याची. भाच्याच्या एका कंट्रोलरची दांडी आठ महिन्यांत बिघडली होती. कोणी हात न लावताही गडी एका बाजूला सरकत राही. दुकानदाराने दुरुस्ती होत नाही म्हणून सांगितले. बहुतेक दांड्यांत घासणारा विद्युत-रोधक असतो, तो झिजतो. चुंबकावर चालणाऱ्या ‘हॉल इफेक्ट’ दांड्यांत असे घर्षण नसते. किंमत थोडी अधिक पडली तरी त्या घ्याव्यात. शिवाय कंट्रोलर एकाच सेवेला बांधलेला नसावा. गूगलची स्टेडिया ही सेवा १८ जानेवारी २०२३ रोजी बंद झाली. कंपनीने ब्लूटूथ खुले करून दिले म्हणून ते कंट्रोलर निरुपयोगी झाले नाहीत. प्रत्येक कंपनी इतकी उदार असेलच असे नाही.

चौथी तपासणी खास आपल्या खात्यातली : सेल. दोन पेन्सिल सेलवर चालणारा किंवा आत बॅटरी बसवलेला कंट्रोलर चालेल. पण काही लहान रिमोटमध्ये बटण सेल असतो. तो अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत भाजू लागतो, हे आपण जाणतो. पालक जाणत नाहीत. घरात धाकटे भावंड असेल तर सेलच्या कप्प्याला स्क्रू आहे की नाही, हे आधी पाहावे.

एवढे झाल्यावर माझे मत बदलले. मोबाइलवरच्या खेळापेक्षा हा प्रकार मला बरा वाटतो. मोबाइल घेऊन मूल पांघरुणात शिरते. टीव्ही बैठकीच्या खोलीतून हलत नाही. पडदा डोळ्यांपासून दूर असतो. कंट्रोलर दोन असले की शेजारी कोणीतरी बसावे लागते. खरेदीला पिन लावलेला हवा आणि वेळेची मर्यादा हवीच. जागतिक आरोग्य संघटनेने गेमिंगच्या विकाराला आयसीडी-११ मध्ये स्थान दिले आहे, ते उगाच नव्हे. पण मात्रा ठरवणे आणि औषधच नाकारणे यांत अंतर आहे, आणि ते अंतर मी विसरलो होतो.

आता त्या मुलाविषयी. वडिलांना मी पुन्हा बोलावले. अडचण अशी की गडी चालवणारी दांडी बहुधा डाव्या अंगठ्याखाली असते, म्हणजे नेमकी दुबळ्या बाजूला. कंट्रोलर मांडीवर ठेवून तो ती तळव्याने ढकलत असे. फिजिओथेरपिस्टने मोटारींचा एक सोपा खेळ निवडला, त्यातली बटणे बदलता येत होती. वळवणे उजव्या हाताकडे दिले आणि वेग देणे डाव्या तर्जनीकडे. प्रत्येक खेळात वा उपकरणात ही सोय नसते, ती आधी पाहावी लागते. हालचाल याहून मर्यादित असलेल्यांसाठी मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये आणि सोनीने २०२३ मध्ये वेगळे कंट्रोलर काढले, पण ते त्यांच्या-त्यांच्या यंत्रांसाठी आहेत.

चमत्कार काही घडला नाही. अंगठा अजून तळव्यातच आहे, मणी अजून डबीत आहेत. हा उपचार आहे असा दावा मी करणार नाही. पण रोज संध्याकाळी अर्धा तास तो डावा हात खिशाबाहेर असतो आणि शेजारी दुसरा कंट्रोलर घेऊन बसलेले वडील हरतात. मागच्या भेटीत मी विचारले, "बाबा मुद्दाम हरतात का रे?" तो म्हणाला, "नाही. त्यांना डाव्या हाताने जमत नाही."

व्यवसायबंधूंना विनंती एवढीच : पुढच्या वेळी कोणी ‘घेऊ का?’ म्हणून विचारले, तर उत्तर देण्यापूर्वी मुलाचा हात हातात घेऊन पाहावा.