हत्यारांची पेटी कुलपात नको

रक्त पातळ ठेवणारी गोळी सुरू झाली की अनेक घरांत आजोबांची करवत, रंधा, पटाशी कुलपात जाते. हेतू मायेचाच असतो. परंतु पाट किंवा नातवंडांसाठी लाकडी घोडा घडवण्यात रमणारे हात रिकामे बसवणे हाही अपायच होय. छंद थांबवण्यापेक्षा तो सुरक्षित करावा.

पटाशी निसटली की इजा बहुधा लाकूड धरलेल्या हाताला होते. म्हणून लाकूड शेगड्यात वा क्लॅम्पमध्ये घट्ट आवळावे व दोन्ही हात धारेच्या मागे ठेवावेत. बोथट पटाशीला अधिक जोर लावावा लागतो आणि ती घसरते. तेव्हा धार वेळोवेळी लावून घ्यावी. दृष्टी मंद असेल, हात कापत असतील वा चक्कर येत असेल, तर विजेची करवत वर्ज्य समजावी. पॉलिश पेपरने घासताना एन-९५ मास्क लावावा. दमेकऱ्यांना ती बारीक धूळ विशेष त्रासदायक ठरते. मधुमेहींनी पायांत बंद पादत्राणे घालावीत.

जखम झालीच तर स्वच्छ कापडाने सलग १० ते १५ मिनिटे दाबून धरावी. मधूनच उचलून पाहू नये. रक्त थांबले नाही किंवा जखम खोल असेल, तर तत्काळ दवाखाना गाठावा. तेथे चालू गोळ्यांची नावे आणि धनुर्वाताची लस शेवटची कधी घेतली ते सांगावे. गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नये.

घरच्यांनी कामाच्या जागी भरपूर उजेड करून द्यावा आणि हाकेच्या अंतरावर असावे. पेटीची किल्ली आजोबांकडेच राहू द्यावी.