पळायच्या आधी आपल्या काउंटरकडे बघा



'पैसे मागायची लाज कशी घालवायची' या व्हिडिओत मी सहज बोलून गेलो होतो की, डिसेंबरमध्ये मी पुण्यात हाफ मॅरेथॉन पळालो आणि कोड असलेल्या लोकांसाठी पैसे जमवले. त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं, "सर, आम्हालाही आमच्या दुकानाच्या नावाने असं काहीतरी करायचंय. चांगलं काम होईल, थोडं नावही होईल. कसं करायचं?"

कसं करायचं ते शेवटी सांगतो. पण माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांचा वेळ जायला नको. ज्या माणसांसाठी तुम्ही पैसे मागणार आहात, त्यांच्याशी तुमचं दुकान आज कसं वागतंय हे आधी तपासा. ते ठीक नसेल तर आधी ते दुरुस्त करा, मग बूट घ्यायला जा. मी उलट्या क्रमाने केलं. त्यात काय झालं ते लिहितोय, कारण ती चूक तुम्हीही कराल असं मला वाटतं.

माझ्या दुकानात काय झालं

तुम्हाला माहितीच आहे, माझं कोथरूडमध्ये फराळाचं आणि सुक्यामेव्याचं दुकान आहे. चिवडा, चकली, शेव, लाडू. दिवाळीच्या तीन आठवड्यांत वर्षाचा मोठा धंदा होतो. दोन वर्षांपूर्वी काउंटरवर वजन करायला एक ताई होत्या. हिशोबाला पक्क्या, बोलायला गोड. त्यांच्या दोन्ही हातांवर आणि ओठांजवळ कोड आहे.

ऐन दिवाळीत एक नेहमीचे काका आले. दहा वर्षांचं गिऱ्हाईक. मला बाजूला बोलावलं आणि हळूच म्हणाले, "अरे, माझं दुसऱ्या कोणाला तरी वजन करायला सांग." रागावले नाहीत, ओरडले नाहीत. अगदी घरच्यासारखं सांगितलं. मीही त्यांना काही बोललो नाही. दुसऱ्या मुलाला हाक मारली. आणि संध्याकाळी ताईंना म्हणालो, "ताई, पॅकिंगला माणूस कमी पडतोय, तुम्ही थोडे दिवस आत बसाल का?"

त्या "हो दादा" म्हणाल्या. कारण त्यांना कळलं होतं, आणि त्यांना कळलंय हे मलाही कळलं होतं. ते थोडे दिवस पुढे दहा महिने चालले.

मधे त्यांनी एकदा विचारलं होतं, "दादा, डॉक्टरांनी लाइटची ट्रीटमेंट सांगितलीय, आठवड्यातून दोन सकाळी उशिरा आले तर चालेल का?" मी म्हणालो, "लग्नसराई संपू दे, मग बघू." लग्नसराई संपली. मी बघितलं नाही. त्यांनी परत विचारलं नाही.

मी वाईट मालक होतो असं मला तेव्हा अजिबात वाटत नव्हतं. पगार वेळेवर, बोनस वेळेवर. माणूस कामावरून काढलं नव्हतं. फक्त दिसणार नाही अशा जागी बसवलं होतं.

आधी दोन गोष्टी नीट समजून घ्या

कोड म्हणजे आपल्याच शरीराची प्रतिकारशक्ती त्वचेला रंग देणाऱ्या पेशींवर हल्ला करते, आणि जिथे त्या पेशी जातात तिथे पांढरे डाग पडतात. हा संसर्ग नाही. हाताला हात लागून, एका ताटात जेवून, वजन केलेला चिवडा खाऊन तो कोणालाही होत नाही. दूध आणि मासे एकत्र खाल्ल्याने होतो, ही समजूतही खरी नाही. काही जण अजून 'पांढरं कुष्ठ' म्हणतात. पण कुष्ठरोगाशी कोडाचा काही संबंध नाही. (आणि कुष्ठरोगही औषधांनी पूर्ण बरा होतो, हे जाता जाता सांगतो.)

जगात साधारण शंभरात एकाला कोड असतं. कुठे थोडं कमी, कुठे थोडं जास्त. तुमच्या दुकानात दिवसाला दोनशे माणसं येत असतील, तर त्यात एक-दोघांना असण्याची शक्यता आहे. कपड्याखाली असेल तर तुम्हाला दिसतही नाही. म्हणजे काउंटरवरच्या ताईंना तुम्ही आत पाठवता, तेव्हा ते बघणाऱ्यांत त्यातलंच एखादं गिऱ्हाईक असू शकतं.

दुसरी गोष्ट उपचारांची, आणि ही मालकांसाठी महत्त्वाची आहे. मलमं आहेत, गोळ्या आहेत. नॅरोबँड यूव्हीबी नावाची प्रकाशाची ट्रीटमेंट आहे, ती बरीच वापरली जाते. ती आठवड्यातून दोन-तीनदा घ्यावी लागते, आणि फरक पडतोय की नाही हे कळायलाच काही महिने जातात. प्रत्येक वेळी मशिनसमोर काही मिनिटंच उभं राहायचं असतं. पण जाणं, नंबर लावणं, येणं यात अर्धा दिवस जातो. मधे खंड पडला की घेतलेली मेहनत वाया जाऊ शकते. म्हणजे ट्रीटमेंट पुरी होणार की नाही हे डॉक्टरांइतकंच ड्यूटी लावणाऱ्या माणसावर अवलंबून असतं. माझ्या दुकानात तो माणूस मी होतो.

पैसे मागायला निघालो आणि अडकलो

पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ पासून होते, साधारण डिसेंबरच्या सुरुवातीला. पूर्ण ४२.१९५ किलोमीटर माझ्या आवाक्यात नव्हतं, म्हणून अर्धी धरली. २१ किलोमीटर आणि वर थोडं. ऑगस्टपासून पहाटे टेकडीवर जायला लागलो. वजन कमी करायचं होतं, आणि नुसतं पळण्यापेक्षा कशासाठी तरी पळावं असं वाटलं. कशासाठी, असं म्हटल्यावर कोडच डोक्यात आलं. का आलं हे तुम्ही ओळखलं असेलच. मी मात्र तेव्हा ओळखलं नव्हतं.

पुण्यात या विषयावर काम आहे. डॉ. माया तुळपुळे यांनी सुरू केलेली श्वेता असोसिएशन वीस वर्षांहून जास्त काळ कोड असलेल्यांना एकत्र आणतेय. माहिती देणं, धीर देणं, लोकांमधले गैरसमज काढणं. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'नितळ' हा २००६ चा सिनेमा याच विषयावर आहे, बघितला नसेल तर बघा. २५ जून हा जागतिक कोड दिन असतो. तेव्हा विषय नवीन नव्हता, पैशाची गरजही खरी होती. मी एक लाखाचं टार्गेट ठेवलं, नव्वद जणांची यादी केली आणि फोन लावायला सुरुवात केली.

अकरावा की बारावा फोन आमच्याच भागातल्या एका हार्डवेअरवाल्या काकांना होता. म्हणाले, समोर येऊन बोल. गेलो. सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुझ्याकडे ती मुलगी होती ना, हातावर कोड असलेली? गेली का सोडून?"

म्हणालो, "नाही काका, आहे की. आत असते, पॅकिंगला."

"आत का?"

मित्रांनो, मी सेल्स शिकवतो. ऑब्जेक्शन कसं हाताळायचं यावर माझा दीड तासाचा सेशन आहे. त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. काका म्हणाले, "पैसे देतो मी. पण आधी घरी जाऊन तेवढं बघ."

पुढचे दोन दिवस मी एकही फोन लावला नाही.

दुरुस्ती

तिसऱ्या दिवशी ताईंशी बोललो. आधी माफी मागितली, कारण न सांगता सगळं गोड करून टाकायची आपल्याला सवय असते. मग विचारलं, काउंटरवर परत यायला आवडेल का. मला वाटलं, लगेच हो म्हणतील. त्या म्हणाल्या, "वजनकाट्यावर नको दादा. मला बिलिंगला द्या. आणि कोणी काही बोललं तर तुम्ही आतल्या खोलीत जायचं नाही."

त्या वाक्यात सगळं आलं. काकांनी मला बाजूला बोलावलं तेव्हा मी आत नव्हतो गेलो, पण गेल्यासारखाच होतो.

दसऱ्याच्या आधी त्या बिलिंगला बसल्या. बुधवार आणि शनिवार सकाळ मोकळी केली. त्या वेळचं काम मी आणि दुसऱ्या मुलाने वाटून घेतलं. खर्च? वेगळा माणूस लावावा लागला नाही. माझं पहाटेचं पळणं दोन दिवस लवकर आटपावं लागलं, एवढंच.

गिऱ्हाईक गेलं का? हा प्रश्न मला सगळे विचारतात. दोन-तीन ओळखीचे चेहरे दिसेनासे झाले. ते यामुळे गेले की दुसरीकडे स्वस्त मिळालं म्हणून गेले, सांगता येत नाही. दिवाळीचा गल्ला आदल्या वर्षीपेक्षा कमी झाला नाही. वाढला असं मात्र मी म्हणणार नाही. चांगलं वागलं की धंदा वाढतो, अशी थाप मी तुम्हाला मारणार नाही. ते दहा वर्षांचे काका आले, बिलिंगला ताई बघून क्षणभर थांबले. मी शेजारीच उभा होतो. म्हणालो, "काका, कोड आहे ते. कोणाला लागत नाही." ते "बरं बरं" म्हणाले, पैसे दिले आणि गेले. पुढच्या महिन्यात परत आले.

एवढं एक वाक्य होतं. ते बोलायला मला दहा महिने लागले.

"सर, आमचं दुकान नवीन आहे, आम्हाला परवडत नाही"

हे ऑब्जेक्शन येणार, मला माहितीये, आणि ते खोटं नाही. नवीन दुकानात एक गिऱ्हाईक गेलं तरी पोटात गोळा येतो. पण नीट बघा. गिऱ्हाईक तुमच्याकडे तोडायची धमकी घेऊन क्वचित येतं. बहुतेक वेळा ते फक्त घाबरलेलं असतं, त्याला माहिती नसते. तुम्ही गप्प बसून माणूस बदललात, की त्याची भीती खरी होती असं तुम्हीच सांगता. शांतपणे एक वाक्य बोललात तर बहुतेक जण ऐकतात. जे नाही ऐकत, त्यांच्यासाठी तुम्ही किती माणसं आत बसवणार?

खाण्याच्या धंद्यातल्यांसाठी आणखी एक. अन्न परवान्याच्या नियमांत कामगारांची दरवर्षी वैद्यकीय तपासणी सांगितलीय, ती संसर्गजन्य आजारांसाठी. कोड त्यात बसत नाही. आणि हातमोजे द्यायचे तर सगळ्यांना द्या. एकालाच दिलेत, तर तुम्ही दुकानात पाटी लावल्यासारखंच आहे.

आता, पळायचंच असेल तर

१. पळण्याचा खर्च स्वतःचा. प्रवेश फी, बूट, केळी, सगळं. देणगीतला एक रुपयाही त्यात नको.

२. पैसे तुमच्या किंवा दुकानाच्या खात्यात घेऊ नका. देणगीदाराने थेट संस्थेच्या खात्यात भरावेत, तुम्ही फक्त यादी ठेवा. मुंबई मॅरेथॉनमध्ये युनायटेड वे मुंबईमार्फत नोंदणी केलेल्या संस्थांसाठी निधी उभारायची सोय आहे. बाकी ठिकाणी तुम्हालाच शिस्त पाळावी लागते.

३. संस्थेकडे ८०जी आहे का विचारा. देणगीदारालाही स्पष्ट सांगा: दोन हजारांच्या वर रोख दिली तर वजावट नाही, आणि नव्या करप्रणालीत ती मिळत नाही.

४. टी-शर्टवर दुकानाचं नाव छोटं, किंवा नकोच. मी नाही लावलं. त्या काकांनंतर लावायची हिंमतच झाली नाही.

५. दुकानातल्या माणसाचा फोटो निधीसाठी वापरू नका, त्याने होकार दिला तरी दोनदा विचार करा. मालकाला नाही म्हणणं सोपं नसतं.

६. तुमच्या दुकानातला आत का बसलेला माणूस कोण, हे आधी शोधा.

शेवटी नव्वदपैकी एकेचाळीस जणांनी पैसे दिले. एकाहत्तर हजार पाचशे जमले. लाख झाले नाहीत. हार्डवेअरवाले काका दुकानात आले, ताईंकडून बिल करून पाव किलो शेव घेतली आणि मगच पाच हजार पाठवले. शर्यतीत पंधराव्या किलोमीटरनंतर पाय धरले, शेवटचं बरंचसं चालत गेलो, पण पोचलो.

ताईंची ट्रीटमेंट चालू आहे. हातावर थोडा फरक आहे, ओठांजवळ अजून नाही. हे लिहिलेलं मी त्यांना वाचायला दिलं होतं. त्यांनी दोन वाक्यं काढायला लावली, ती काढली. नाव घालू नका म्हणाल्या, नाही घातलं.

पुढच्या व्हिडिओत सणासुदीच्या ड्यूट्या कशा लावायच्या ते बघू. तोपर्यंत आज दुकान बंद करताना एकदा आतल्या खोलीत चक्कर मारा.