रिकाम्या चढाया आणि पंच



कबड्डीत आघाडीवरचा संघ रिकाम्या चढाया करून वेळ काढतो, हा भित्रेपणा आहे, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे मत मला अजिबात पटले नाही. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण घ्या नाहीतर बाद व्हा, असा नियम प्रो कबड्डीत आहेच. त्या चौकटीत 30 सेकंद खेळवणे हे कसब आहे. खरी चिंता पंचांची. 2023 च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत भारत-इराण अंतिम सामना 28-28 असताना लॉबीच्या (मैदानाच्या कडेच्या पट्टीच्या) नियमावरून बराच वेळ अडला. आणि तेथे कॅमेरे होते! गावच्या मैदानावर पंचाचे डोळे तेवढे असतात. आयोजकांनी बक्षिसाची रक्कम थोडी कमी करावी, पण परीक्षा उत्तीर्ण, बाहेरगावचे पंच बोलवावेत.

— एक कबड्डीप्रेमी, सावंगी (मेघे), जि. वर्धा