बाई? आणि ट्रकवर?

कळंबोलीच्या ट्रक टर्मिनलवर आमची प्रतिनिधी महिला ड्रायव्हर शोधत होती, तेव्हा तिला बहुतेकांनी हाच प्रश्न उलट विचारला. बायकांना जमत नाही म्हणावं, तर साताऱ्याच्या सुरेखा यादव यांनी २०२३ साली सोलापूरहून मुंबईला ‘वंदे भारत’ आणली, घाटासकट! मूळच्या नंदुरबारच्या योगिता रघुवंशी तर वकिली शिकूनही ट्रकच चालवतात.

अडचण स्टिअरिंगची नाहीच. हा धंदा शिकायचा तो क्लीनर म्हणून, उस्तादाच्या हाताखाली. रात्री केबिनमध्ये झोपून, ढाब्यामागे आंघोळ उरकून. या शाळेत मुलीला प्रवेश कोण देणार? ‘मुली येतच नाहीत’ म्हणणाऱ्या मालकांनी आधी माल भरतात तिथं बायकांसाठी आतून कडी लागणारं एखादं स्वच्छतागृह दाखवावं. अखेर ज्या महिला ड्रायव्हर भेटल्या, त्यांचं म्हणणं या अंकात त्यांच्याच शब्दांत दिलं आहे. शिव्या तेवढ्या गाळल्या, त्याही नाइलाजानं.