निरोध हा पुरावा नव्हे

हैदराबादमधल्या कोठी, सुलतान बाजार, इसामिया बाजार, गौळीगुडा आणि काचीगुडा इथल्या मराठी मंडळींना जाहीर निवेदन



"त्या बायकांना इथून हटवा." रस्त्यावर धंदा करणाऱ्या बायकांबद्दल आपल्यात हे वाक्य किती सहज बोललं जातं! दुकानाच्या पायरीवर, बसची वाट बघताना, अपार्टमेंटच्या मीटिंगमध्ये. बोलणारा माणूस दुष्ट नसतो. त्याची मुलगी त्याच बसस्टॉपवरून कॉलेजला जाते, त्याला काळजी वाटते. हे पत्रक त्याच्यासाठीच काढलं आहे. त्याची काळजी खरी आहे, पण त्याची मागणी घातक आहे: ती एचआयव्हीला वाट करून देते.

राज्याच्या एड्स नियंत्रण संस्थेचं कार्यालय कुठं आहे? इथंच, सुलतान बाजारात, आरोग्य संचालनालयाच्या आवारात. ज्या कार्यक्रमाचा कारभार इथून चालतो, त्याच कार्यक्रमातून धंदा करणाऱ्या बायकांना निरोध फुकट मिळतात. बाईने ते पर्समध्ये बाळगावेत, गिऱ्हाइकाला वापरायला लावावेत, यासाठी सरकार खर्च करतं. आणि रात्री त्याच बाईची पर्स रस्त्यावर उघडली गेली, की सरकारनेच दिलेलं ते पाकीट तिच्याविरुद्ध बोट दाखवतं. एका खात्याने द्यायचं आणि दुसऱ्याने त्यावरून धरायचं!

पुढे काय होतं ते नीट बघा, कारण सगळी गोम तिथं आहे. पकडली जाण्याची भीती बसली की बाई पहिल्यांदा निरोध जवळ ठेवणं बंद करते. मग ती उजेडाची जागा सोडते. उजेडात चार मैत्रिणी असतात, माणूस बघून हो-नाही ठरवता येतं, दारू प्यालेल्याला परत पाठवता येतं. अंधारात दोन मिनिटांत सौदा उरकावा लागतो, आणि घाईच्या सौद्यात निरोधाची गोष्ट सगळ्यात आधी सुटते. त्यात दंड भरावा लागला किंवा हातावर काही ठेवून सुटका करून घ्यावी लागली, तर रात्रीची कमाई गेली. खोलीचं भाडं थांबत नाही, मुलाची फी थांबत नाही. म्हणून आणखी एक गिऱ्हाईक घ्यावं लागतं, आणि ते "निरोधाशिवाय, पैसे जास्त देतो" म्हणालं तर नाही म्हणायची ताकद तिच्यात उरलेली नसते. विषाणू शिरतो तो या फटीतून. नीतिमत्तेचा इथं काही संबंध नाही. हे कुणा कार्यकर्त्याच्या मनातलं चित्रही नव्हे. आंध्रातल्या राजमहेंद्रीला झालेल्या अभ्यासात पोलिसांचा जाच आणि एचआयव्हीचा धोका यांचा संबंध स्पष्ट दिसला. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने २०१४ साली छापलेल्या अंदाजानुसार हा व्यवसाय गुन्ह्याच्या कक्षेतून काढला, तर दहा वर्षांत या बायका आणि त्यांची गिऱ्हाइकं यांच्यातली ३३ ते ४६ टक्के नवी लागण टळू शकते.

आता कायद्याचं बघू, कारण "कायदा आहे ना!" असं म्हणून आपण मोकळे होतो. १९५६ चा अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा सज्ञान बाईने स्वतःच्या मर्जीने धंदा करणं हा गुन्हा मानत नाही. तो कुंटणखाना चालवणं, दलाली आणि उघड्यावर गिऱ्हाईक बोलावणं हे गुन्हे मानतो. देवस्थान, शाळा, वसतिगृह, दवाखाना यांच्यापासून २०० मीटरच्या आत तर धंद्यालाच बंदी आहे. आता कोठीत उभे राहा आणि या २०० मीटरच्या बाहेरची जागा शोधून दाखवा. एकीकडे उस्मानिया मेडिकल कॉलेज, एकीकडे रेसिडेन्सीच्या वास्तूतलं महिला विद्यापीठ, प्रसूतीचं हॉस्पिटल, गौळीगुड्याचा गुरुद्वारा आणि गल्लोगल्ली मंदिरं. म्हणजे बाई जिथं पाऊल ठेवील तिथं गुन्हेगार.

पण याच देशात २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदाही आहे. तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्याचं कलम २२ म्हणतं की केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार एचआयव्हीचा धोका कमी करण्यासाठी वापरलेला कोणताही उपाय गुन्हा ठरणार नाही, मग दुसरा कुठलाही कायदा काहीही म्हणो. सर्वोच्च न्यायालयाने १९ मे २०२२ रोजी बुद्धदेव कर्मास्कर खटल्यात दिलेले निर्देश याहून स्वच्छ आहेत: निरोध वापरणं गुन्हा समजू नये आणि गुन्ह्याचा पुरावाही समजू नये. हे निर्देश कोठीच्या रस्त्यावर लागू होत नाहीत असं कुणाला वाटत असेल, तर त्याने ते लिहून द्यावं.

हटवण्याचा प्रयोग नवा नाही, आणि आपल्या शहराने तो पुरेसा भोगला आहे. १८६४ च्या छावणी कायद्याने आणि १८६८ च्या संसर्गजन्य रोग कायद्याने इंग्रजांनी बायकांची नावं नोंदवली, त्यांची सक्तीने तपासणी केली, रोगी ठरलेल्यांना 'लॉक हॉस्पिटल'मध्ये कोंडलं. असं एक हॉस्पिटल सिकंदराबादलाही होतं. बायका नोंदणी चुकवून छावणीबाहेर पळाल्या, आणि गोऱ्या शिपायांचा गुप्तरोग होता तिथंच राहिला. शिपायांची तपासणी करावी हे मात्र साहेबाला फारसं रुचत नव्हतं. १८८८ साली संसर्गजन्य रोग कायदा गुंडाळावा लागला. मग १९९६ च्या सुमाराला जुन्या शहरातली 'मेहबूब की मेहंदी' ही वस्ती उठवली गेली. धंदा संपला? तो स्टेशनं, बसस्टॉप, लॉज आणि भाड्याच्या खोल्यांमधून शहरभर पसरला आणि आता मोबाइलवर गेला. गोव्यात २००४ साली बायणाच्या झोपड्यांवर बुलडोझर फिरला, तिथंही तेच. वस्ती मोडते तेव्हा फक्त आरोग्य कार्यकर्तीची वाट मोडते. काल जी बाई ठरलेल्या जागी भेटायची, ती आज कुठं आहे हे कुणालाच माहीत नसतं. "हटवा" म्हणणाऱ्यांनी हे एकदा ऐकून घ्यावं: ती कोठीतून गेली तर दिलसुखनगरला जाईल, आणि तिथं तिला ओळखणारं कुणी नसेल.

मग उपाय काय? तो ठाऊक आहे, सिद्ध झाला आहे, आणि तो त्या बायकांनीच केला आहे. कोलकात्याच्या सोनागाचीत १९९२ साली डॉ. स्मरजित जाना यांनी धंद्यातल्या बायकांनाच आरोग्य कार्यकर्त्या म्हणून घेतलं. तेव्हा निरोधाचा वापर जेमतेम तीन टक्क्यांच्या आसपास होता. नव्वदचं दशक सरता सरता तो ऐंशीच्या पुढे गेला. त्याच काळात मुंबईत धंद्यातल्या निम्म्याहून अधिक बायकांना लागण झालेली होती. सोनागाचीत ती त्याच्या जवळपासही पोचली नाही. फरक औषधाचा नव्हता, त्या काळी औषध होतंच कुठं? मोफत एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरचा औषधोपचार, सरकारने सुरू केली ती २००४ साली. फरक संघटनेचा होता. एकटी बाई म्हणाली "निरोध नाही तर नाही", तर गिऱ्हाईक शेजारच्या दारात जातं. सगळ्या दारांतून तेच उत्तर मिळालं की त्याला निरोध वापरावाच लागतो.

आणि कोलकात्यापर्यंत तरी कशाला जायचं? आपल्या सांगलीत, गोकुळनगरात, मीना शेषू आणि 'संग्राम' संस्थेने १९९२ पासून हेच काम केलं. १९९६ साली बायकांनी स्वतःची 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' उभी केली. पुढे अमेरिकेने अट घातली की आमचा पैसा हवा असेल तर वेश्याव्यवसायाला विरोध असल्याचं लेखी द्या. संग्रामने २००५ साली तो पैसाच नाकारला. ज्यांच्यासाठी काम करायचं त्यांच्याचविरुद्ध सही करायची नाही, एवढा साधा हिशेब. अनुदानाच्या कागदावर डोळे मिटून सही करणाऱ्या थोर संस्था आपण पाहिल्या आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

आपल्या शहरातही हे काम करणाऱ्या बायका आहेत. त्यांना 'पिअर' म्हणतात. सरकारी हिशेबाने एका पिअरकडे साधारण ६० बायका. कुणाकडे आठवड्याला किती गिऱ्हाइकं, किती निरोध लागतील, कोण तपासणीला आली नाही, कुणाचं अंग दुखतंय, कुणाचा नवरा मारतो, सगळं तिला माहीत. लिहिता न येणाऱ्या पिअरसाठी चित्रांच्या वह्या निघाल्या, त्या अविभाजित आंध्रात एचआयव्ही प्रतिबंधाच्या 'आवाहन' कार्यक्रमाच्या काळात खूप चालल्या. दर सहा महिन्यांनी एचआयव्ही आणि सिफिलिसची तपासणी करून घ्यायची, ती तिच्या शब्दावर होते. मनमाड-काचीगुडा गाडीने मराठवाड्यातून आलेली, तेलुगू न कळणारी बाई डॉक्टरांसमोर तोंड उघडत नाही. पिअरसमोर उघडते. आणि याच पिअरला रस्त्यावर निरोधांची पिशवी घेऊन उभं असताना हटकलं जातं!

"पण फसवून, विकून आणलेल्या मुलींचं काय?" हा प्रश्न टाळता येणार नाही, आणि आम्ही टाळत नाही. अल्पवयीन मुलीला धंद्यात ठेवणं किंवा बाईला बळजबरीने ठेवणं हा गुन्हाच आहे, तिथं पोलीस हवेतच. पण अशी मुलगी वस्तीत आली हे सगळ्यात आधी कुणाला कळतं? शेजारच्या बाईला. सोनागाचीत बायकांच्या स्वनियमन मंडळांनी अशा मुली स्वतः शोधून परत पाठवल्या आहेत. त्या शेजारणीला पोलिसांची दहशत असेल, तर ती खबर द्यायला ठाण्यावर जाईल का?

आणखी एक युक्तिवाद आपल्या बाजूचे लोकही करतात: "त्यांना जपा, नाहीतर रोग आपल्या घरात येईल." नॅकोच्या (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या) २०२१ च्या अंदाजात देशातल्या प्रौढांमध्ये लागण ०.२१ टक्के आणि तेलंगणात ०.४७ टक्के, म्हणजे दुपटीहून जास्त. तेव्हा भीती अगदीच निराधार नाही. गिऱ्हाईक आपल्याच घरातून जातं आणि आपल्याच घरात परततं, हेही खरं. तरी हा युक्तिवाद आम्हाला मान्य नाही. आपला संसार वाचावा म्हणून तिने जगायचं, हे कुठलं माणूसपण? तिची तपासणी तिच्यासाठी, तिचं औषध तिच्यासाठी.

म्हणून आमचं मागणं असं. शहरातल्या प्रत्येक ठाण्यात २०२२ चे निर्देश तेलुगू, उर्दू, हिंदी आणि मराठीत भिंतीवर लावले जावेत. पिअरना फोटोसह ओळखपत्र मिळावं, आणि ते पाहिल्यावर त्यांना सोडलं जावं. त्यांचं मानधन महिन्याच्या महिन्याला मिळावं. निरोधांचा साठा, तपासणीची वेळ आणि पैसा यांचा निर्णय घेणाऱ्या समितीत बायकांचं बहुमत असावं, नुसती एक खुर्ची नको. दुकानदारांनी आपल्या पायरीवर उभ्या असलेल्या पिअरला पाणी विचारावं, निदान हाकलू नये. आणि "यांना हटवा" असा अर्ज सहीसाठी आपल्यापुढे आला, तर त्यावर सही करू नये. आणणाऱ्याला हे पत्रक द्यावं.

एचआयव्हीची तपासणी आणि औषधोपचार सरकारी केंद्रांत मोफत आहेत. माहितीसाठी फोन: १०९७. माहिती गुप्त ठेवली जाते.

— कोठी परिसरातील काही मराठी रहिवासी